विश्लेषण : दोर तुटला तरी गाडी खाली का पडत नाही? घरच्या गॅरेजमधील कार लिफ्ट आणि एलिशा ओटिस यांची गोष्ट

अमेरिकेत घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये मोटार उचलणारी लिफ्ट बसवण्याची हौस अनेकांना असते. कुणाला एका गाडीच्या जागेत दोन गाड्या ठेवायच्या असतात, कुणाला जुनी गाडी स्वतःच्या हाताने दुरुस्त करायची असते. लिफ्ट घेताना साधारणपणे दोनच प्रश्न विचारले जातात : किती वजन उचलते आणि किंमत किती? पण दीड-दोन टन वजनाची गाडी डोक्यावर असताना तिसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा ठरतो. उचलणारी यंत्रणाच निकामी झाली तर काय? हा प्रश्न पावणेदोनशे वर्षांपूर्वी पलंगाच्या कारखान्यातील एका मेकॅनिकने गांभीर्याने घेतला. त्याचे नाव एलिशा ओटिस. आज जगभरातील लिफ्टच्या दारावर दिसणारे ‘ओटिस’ हे नाव त्यांचेच.

कोण होते एलिशा ओटिस?

एलिशा ग्रेव्हज ओटिस यांचा जन्म ३ ऑगस्ट १८११ रोजी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातील हॅलिफॅक्स या खेड्यात झाला. वडील शेतकरी होते. सहा भावंडांत एलिशा धाकटे. शेतीत त्यांचे मन रमले नाही. एकोणिसाव्या वर्षी घर सोडून ते न्यूयॉर्क राज्यातील ट्रॉय शहरात गेले. तेथे बांधकामावर आणि मालवाहू घोडागाड्यांवर त्यांनी काही वर्षे काम केले. यंत्रशास्त्राचे औपचारिक शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. जे काही ज्ञान होते, ते हाताने काम करून मिळवलेले होते.

१८३४ मध्ये सुझन हॉटन यांच्याशी त्यांचे लग्न झाले. चार्ल्स आणि नॉर्टन ही त्यांची दोन मुले. याच काळात न्यूमोनियाने त्यांना इतके गाठले की ते जेमतेम वाचले. तब्येत मुळातच नाजूक होती, ती पुढे आयुष्यभर तशीच राहिली.

सुरुवातीचे उद्योग का फसले?

ट्रॉय सोडल्यावर ओटिस व्हरमाँटच्या डोंगराळ भागात परतले. ग्रीन नदीच्या काठी त्यांनी पाण्यावर चालणारी पिठाची गिरणी उभारली. ती चालली नाही. मग त्याच गिरणीची त्यांनी लाकूड कापण्याची वखार केली. तिलाही पुरेशी गिऱ्हाइके मिळाली नाहीत. अखेर ते घोडागाड्या बनवू लागले. त्यात त्यांचा हात बसला, पण सुझन यांचे निधन झाले आणि दोन लहान मुलांची जबाबदारी त्यांच्यावर आली.

पुढे दुसरे लग्न करून ते ऑल्बनी शहरात आले आणि पलंग बनवणाऱ्या एका कारखान्यात नोकरीला लागले. पलंगाच्या बाजूच्या दांड्या हाताने तासण्यात फार वेळ जात असे. ओटिस यांनी त्यासाठी यंत्र तयार केले आणि काम सुमारे चौपट वेगाने होऊ लागले. मालकाने त्यांना ५०० डॉलरचे बक्षीस दिले. त्या पैशांतून त्यांनी स्वतःचा कारखाना काढला. तो ओढ्याच्या पाण्यावर चालत असे. ऑल्बनी शहराने पिण्याच्या पाण्यासाठी तो ओढा वळवला आणि कारखान्याची शक्तीच गेली. चाळिशीच्या उंबरठ्यावर ओटिस पुन्हा नोकरी शोधत होते.

यॉन्कर्समध्ये नेमके काय घडले?

१८५१ च्या सुमारास ते आधी न्यू जर्सीत आणि तेथून न्यूयॉर्कजवळच्या यॉन्कर्समध्ये आले. एका बंद पडलेल्या लाकडाच्या गिरणीत पलंगांचा कारखाना सुरू करायचा होता. इमारत साफ करणे, यंत्रे लावणे आणि जड सामान वरच्या मजल्यावर चढवणे ही कामे त्यांच्याकडे होती.

सामान वर नेण्यासाठी तेव्हाही पाळणे होते. येथे एक गैरसमज दूर करायला हवा. लिफ्टचा शोध ओटिस यांनी लावला, असे सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. दोर आणि कप्पीने ओझे उचलण्याची पद्धत प्राचीन आहे. युरोप-अमेरिकेतील कारखान्यांत वाफेवर चालणारे मालाचे पाळणेही रुळले होते. उचलण्याचा प्रश्न सुटलेला होता. न सुटलेला प्रश्न होता तो पडण्याचा. दोर ताग-अंबाडीसारख्या धाग्यांचे असत. ते झिजत, कुजत आणि एखाद्या दिवशी तुटत. मग पाळणा मालासह कोसळे. त्यावर माणूस उभा असेल, तर त्याच्या वाचण्याची आशा कमीच असे. त्यामुळे शहाणा माणूस पाळण्यात पाय ठेवत नसे.

अशा वेळी अधिक जाड आणि मजबूत दोर घेणे हा नेहमीचा उपाय. ओटिस यांनी वेगळा विचार केला. दोर कितीही चांगला असला, तरी तो कधीतरी तुटेल हे त्यांनी गृहीत धरले आणि तुटल्यानंतरच्या क्षणाची सोय १८५२ मध्ये केली.

ही सोय काम कशी करते?

ट्रकच्या चाकांजवळ पोलादी पट्ट्यांचा वाकवलेला कमानपाटा असतो, तो बहुतेकांनी पाहिलेला असतो. घोडागाड्यांनाही तसाच पाटा असे आणि ओटिस यांनी घोडागाड्या बनवल्या होत्या. त्यांनी हा पाटा पाळण्याच्या माथ्यावर बसवला आणि उचलणारा दोर पाट्याच्या मधोमध बांधला. पाळणा ज्या दोन उभ्या खांबांमधून वर-खाली जाई, त्या खांबांना करवतीसारख्या दातेरी पट्ट्या लावल्या.

पाळण्याचे वजन दोरावर असते, तोवर दोर ताणलेला राहतो. त्या ताणाने पाटा वाकलेला राहतो आणि त्याच्या टोकांकडील खटके आत ओढलेले असतात. दोर तुटला की ताण जातो. पाटा सरळ होतो, खटके दोन्ही बाजूंना बाहेर फेकले जातात आणि दात्यांत अडकतात. पाळणा काही इंचांतच थांबतो.

यात कुणी कळ दाबावी लागत नाही की कुणाचे लक्ष असावे लागत नाही. ज्या बिघाडामुळे अपघात होणार, तोच बिघाड ब्रेक लावतो. ओटिस यांच्या कल्पनेचे मोल याच साधेपणात होते.

लोकांचा विश्वास कसा बसला?

ओटिस यांनी तेव्हा या शोधाचे पेटंटही घेतले नाही. पलंगांचा कारखाना डबघाईला आला, तेव्हा कॅलिफोर्नियात सोने शोधायला निघालेल्या लोंढ्यात सामील होण्याचा त्यांचा विचार होता. तेवढ्यात दोन सुरक्षित पाळण्यांची मागणी आली आणि १८५३ मध्ये त्यांनी यॉन्कर्समध्येच आपला व्यवसाय सुरू केला. पण मागणी जेमतेमच राहिली. खटका दात्यात अडकतो हे कागदावर पटणे वेगळे आणि त्याच्या भरवशावर पाळण्यात उभे राहणे वेगळे.

न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्या वेळी जगभरातील उद्योगांचे मोठे प्रदर्शन भरले होते. १८५४ मध्ये ओटिस यांनी तेथे आपला पाळणा उभारला. ते स्वतः त्यावर उभे राहिले, पाळणा गर्दीच्या डोक्यावर उंच नेला आणि दोर तोडायला लावला. पाळणा थोडासा घसरला आणि जागीच थांबला. हा प्रयोग त्यांनी पुन्हा पुन्हा करून दाखवला. पत्रके छापून जे झाले नसते, ते एका तुटलेल्या दोराने केले. त्यानंतर मागणी हळूहळू वाढत गेली.

माणसांसाठी लिफ्ट कधी आली?

२३ मार्च १८५७ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरील हॉवट यांच्या पाच मजली दुकानात ओटिस यांची प्रवासी लिफ्ट सुरू झाली. काचसामान आणि चिनी मातीची भांडी विकणारे हे दुकान होते. लिफ्ट वाफेच्या शक्तीवर चाले. तिचा वेग मिनिटाला सुमारे ४० फूट होता. आजच्या मानाने ती गोगलगाय, पण ग्राहक तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर न दमता पोहोचू लागला. ती इमारत आजही उभी आहे.

पुढे शहरांचे गणितच बदलले. लिफ्ट नव्हती तेव्हा वरचे मजले स्वस्त असत, कारण जिने चढण्याचा त्रास कुणाला नको असे. आज मुंबई-पुण्यात बिल्डर वरच्या मजल्यासाठी ‘फ्लोअर राइज’ म्हणून जादा पैसे घेतो. हा उलटा हिशेब सुरक्षित लिफ्टमुळे शक्य झाला.

ओटिस यांना यातले किती पाहता आले?

फारच थोडे. ते मनाने संशोधक होते, व्यापारी नव्हते. वाफेवर चालणारा नांगर, भाजणीची भट्टी, रेल्वेगाड्यांचे ब्रेक अशा अनेक गोष्टींत त्यांनी डोके घातले. १५ जानेवारी १८६१ रोजी त्यांना सुधारित पाळण्याचे पेटंट मिळाले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, ८ एप्रिल १८६१ रोजी, घटसर्पाने त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ४९ वर्षांचे होते. मागे एक छोटा कारखाना आणि कर्ज उरले.

चारच दिवसांनी अमेरिकेत यादवी युद्धाला तोंड फुटले. चार्ल्स आणि नॉर्टन यांनी वडिलांचा व्यवसाय सांभाळला आणि ‘ओटिस ब्रदर्स’ या नावाने वाढवला. १८८९ मध्ये पॅरिसचा आयफेल टॉवर खुला झाला, तेव्हा त्याच्या तिरप्या पायांतून वर जाणाऱ्या लिफ्टमध्ये ओटिस कंपनीच्याही लिफ्ट होत्या. नॉर्टन पुढे अमेरिकी काँग्रेसचे सदस्य झाले. ज्याच्या नावाने हे सारे उभे राहिले, त्या माणसाने मात्र एकही गगनचुंबी इमारत पाहिली नाही.

मग मोटार उचलणारी लिफ्ट कुठून आली?

ओटिस गेले तेव्हा मोटारगाडी जन्मालाही आली नव्हती. मोटारी आल्यावर मेकॅनिकला गाडीखाली काम करण्यासाठी जमिनीत खड्डा खणावा लागे किंवा जॅकवर विसंबावे लागे. अमेरिकेतील मेम्फिस शहरात पीटर लुनाटी यांनी १९२५ मध्ये तेलाच्या दाबावर चालणारी मोटारीची लिफ्ट आणली आणि गाडी खाली ठेवून माणूस वाकण्याऐवजी गाडीच वर जाऊ लागली.

या लिफ्टचे तत्त्व शाळेत शिकवला जाणारा पास्कलचा नियम. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो. १ चौरस सेंटिमीटरच्या दट्ट्यावर १० किलोचा भार दिला, तर त्याला जोडलेला १०० चौरस सेंटिमीटरचा दट्ट्या १,००० किलो उचलतो. बदल्यात लहान दट्ट्याला शंभरपट अंतर सरकावे लागते. हे काम विजेचा पंप करतो.

म्हणजे उचलण्याची शक्ती पुन्हा एकदा सहज मिळाली. आणि ओटिस यांचा प्रश्नही पुन्हा तसाच समोर आला. तेलाचा पाइप फुटला तर? सिलिंडरचे सील झिजून तेल हळूहळू झिरपू लागले तर? पोलादी दोर तुटला तर?

घरच्या लिफ्टमध्ये ओटिस कुठे दिसतात?

घरगुती लिफ्टचे दोन मुख्य प्रकार आहेत. चार खांबांच्या लिफ्टमध्ये गाडी दोन लांब फळ्यांवर चाकांसह उभी राहते. एकावर एक गाडी ठेवायला ती सोयीची. दोन खांबांच्या लिफ्टमध्ये चार हात गाडीच्या सांगाड्याला खालून धरतात आणि चाके मोकळी लोंबतात. दुरुस्तीसाठी ती चांगली.

चार खांबांच्या बहुतेक लिफ्टमध्ये फळ्या पोलादी दोरांवर लटकतात. प्रत्येक कोपऱ्यात स्प्रिंगचा खटका असतो. दोर ताणलेला असेपर्यंत तो मागे राहतो, दोर सैल पडला वा तुटला की खांबातील खाचेत शिरतो. ही १८५२ चीच कल्पना, फक्त साहित्य नवे.

याशिवाय दोन्ही प्रकारांत खांबाला शिडीसारख्या खाचा असतात. गाडी वर जाताना येणारा ‘खट्, खट्’ आवाज म्हणजे खटका एकेक खाच ओलांडत असल्याची खूण. हव्या त्या उंचीवर गेल्यावर गाडी तेलाच्या भरवशावर सोडायची नसते. ती किंचित खाली घेऊन खटक्यांवर टेकवायची. सगळे खटके बसले हे डोळ्यांनी पाहायचे आणि मगच खाली शिरायचे. उतरवताना गाडी आधी थोडी वर घेऊन खटके मोकळे करावे लागतात. घाईत चुकते ती नेमकी हीच पायरी. गाडी वर आहे म्हणजे ती सुरक्षित आहे, असे नव्हे. ती खटक्यावर टेकली, तरच सुरक्षित.

बसवण्यापूर्वी काय तपासावे?

पहिली गोष्ट उंची. साध्या सेडान गाडीची उंची सुमारे ५ फूट. खाली माणूस ताठ उभा राहायचा तर आणखी ६ फूट हवेत. म्हणजे ११ फूट आणि वर थोडी मोकळी जागा. अमेरिकेतील अनेक गॅरेजचे छत ८-९ फुटांवर असते. तेथे पूर्ण उंचीची लिफ्ट बसतच नाही, कमी उंचीची कात्री पद्धतीची लिफ्ट पाहावी लागते. वर सरकणारा दरवाजा, दिवे आणि पंखेही मोजणीत धरावेत.

दुसरी गोष्ट जमीन. दोन खांबांची लिफ्ट जमिनीला अँकर बोल्टने जखडलेली असते आणि खांब आतल्या बाजूला झुकू पाहतात. सगळा भार त्या बोल्टवर आणि खालच्या काँक्रीटवर येतो. अनेक उत्पादक किमान ४ इंच जाडीचे आणि ३,००० पीएसआय ताकदीचे काँक्रीट मागतात. क्षमता वाढली की जाडीही वाढते. वरची टाइल किंवा कोबा यात मोजायचा नाही. काँक्रीट नवे असेल, तर ते साधारण २८ दिवस मुरू द्यावे. भेगेजवळ किंवा सांध्याजवळ बोल्ट मारू नये. जाडी अंदाजाने न धरता छिद्र पाडून मोजावी. खाली तळघर असेल किंवा स्लॅबमध्ये ताणलेल्या पोलादी तारा असतील, तर स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारल्याशिवाय ड्रिल लावू नये.

तिसरी गोष्ट वीज. लिफ्टच्या मोटरला स्वतंत्र जोडणी आणि योग्य क्षमतेचा ब्रेकर लागतो. चौथी गोष्ट वजन आणि तोल. गाडीचे वजन लिफ्टच्या क्षमतेपेक्षा पुरेसे कमी हवे. दोन खांबांच्या लिफ्टवर हात उत्पादकाने सांगितलेल्या जागीच लावावेत. इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवला की गाडीचा तोल सरकतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. गाडी थोडी उचलून हलवून पाहावी, तोल पटला तरच पुढे न्यावी.

पाचवी गोष्ट प्रमाणपत्र. अमेरिकेत ऑटोमोटिव्ह लिफ्ट इन्स्टिट्यूट ही संस्था १९४५ पासून या क्षेत्रात आहे आणि कसोटीला उतरलेल्या लिफ्टवर तिचे लेबल असते. स्वस्त लिफ्ट आणि प्रमाणित लिफ्ट उचलण्याचे काम सारखेच करताना दिसतील. फरक बिघाडाच्या दिवशी कळतो.

आपल्याकडे याचा संबंध काय?

आपल्याकडे घरात कार लिफ्ट अपवादानेच दिसते. पण सर्व्हिस सेंटर, वॉशिंग सेंटर आणि सोसायट्यांमधील यांत्रिक पार्किंग यांमुळे गाडी उचलणारी यंत्रे रोजच्या पाहण्यातली झाली आहेत. तेथेही नियम तोच : नुसत्या तेलाच्या दाबावर उभ्या असलेल्या गाडीखाली कुणी जाऊ नये. रस्त्यात पंक्चर काढताना वापरायचा जॅकही चाक बदलण्यापुरताच असतो. गाडीखाली शिरायचे तर स्टँड लावलाच पाहिजे.

माणसे नेणाऱ्या लिफ्टसाठी महाराष्ट्रात १९३९ पासून कायदा आहे. त्याची जागा २०१७ च्या लिफ्ट, सरकते जिने आणि सरकते मार्ग यांच्या कायद्याने घेतली. सोसायटीच्या लिफ्टमध्ये आता ओटिस यांचा कमानपाटा नसतो. वेग मर्यादेबाहेर गेला की गव्हर्नर नावाचे उपकरण ब्रेकला इशारा देते आणि ब्रेकचे जबडे रुळाला घट्ट धरतात. रचना बदलली, पण दोर तुटेल हे गृहीत धरण्याची रीत तीच राहिली.

म्हणून गॅरेजमध्ये लिफ्ट दाखवायला आलेल्या विक्रेत्याला ती किती उचलते, हे नंतर विचारले तरी चालेल. आधी तिचे खटके दाखवायला सांगावेत. गाडी वर नेऊन खटक्यांवर टेकवायला लावावी आणि चारही कोपरे स्वतः वाकून पाहावेत. त्याला पाच मिनिटे लागतात. क्रिस्टल पॅलेसमधील प्रयोगालाही त्याहून फार वेळ लागत नसावा.